दवाखाना फुकट, वाट महाग : खेड्यातील रुग्णांच्या वाहतुकीचा हिशेब

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. सुरत, मालेगाव, भिवंडीचा माल धुळे-जळगावात उतरवायचा आणि पुढे चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्रीच्या दुकानदारांना पोचवायचा, हे आमचे रोजचे काम. या धंद्याने आम्हाला एक गोष्ट शिकविली. गिरणीतला भाव कितीही कमी असो, भाडे व हमाली धरून माल दुकानात जो पडतो तोच खरा भाव.

सरकारी दवाखान्याचेही तसेच आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचारापर्यंत सर्व मोफत झाले. फार चांगले झाले. पण सातपुड्याच्या पायथ्याचा माणूस तिथवर येणार कसा? शिरपूरहून धुळे पन्नासेक किलोमीटर, चोपड्याहून जळगावही जवळपास तेवढेच. शिवाय पाड्यावरून तालुक्याला येण्याचा रस्ता वेगळा. रात्रीची वेळ असली की जीपवाला मागेल ते भाडे द्यावे लागते. म्हणजे औषध फुकट, पण वाट महाग.

एका जीपवाल्याची हकीकत

दोन वर्षांपूर्वी एक काळी-पिवळीवाला मुलीच्या लग्नाचे कापड घ्यायला आमच्या दुकानी आला. माणूस व्यवहाराला चोख, कधी उधार न मागणारा. त्या दिवशी मात्र उधार मागितले. आम्ही कारण विचारले, तर म्हणाला, “शेठ, दवाखान्याचे पेशंट नेले, त्याची आठ महिन्यांची बिले अडकली. डिझेल मी रोखीने भरतो. आता रात्री फोन वाजला तर उचलत नाही.”

आम्ही कापड दिले, त्याने पैसेही वेळेवर फेडले. पण त्याचे शेवटचे वाक्य आमच्या मनातून जात नाही. ज्या रात्री त्याने फोन उचलला नाही, त्या रात्री पलीकडे कोण होते?

सरकारने काय केले आहे?

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे इन्साफाचे होणार नाही. १ जून २०११ रोजी देशात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू झाला. त्यात गरोदर मातेला घरून दवाखान्यात आणणे, गरज पडल्यास मोठ्या दवाखान्यात नेणे आणि बाळंतपणानंतर घरी सोडणे हे तिन्ही फेरे मोफत आहेत. आजारी अर्भकांनाही ही सोय आहे. सरकारी गाडी नसेल तेथे भाड्याची गाडी ठरविण्याची मुभाही या कार्यक्रमात आहे.

२६ जानेवारी २०१४ रोजी महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली. तेव्हा राज्यभरासाठी ९३७ गाड्या होत्या. त्यांपैकी २३३ गाड्यांत अतिगंभीर रुग्णांसाठीची साधने होती, बाकी ७०४ साध्या. फोन पुण्याच्या औंध येथील केंद्रात लागतो, तेथून जवळची गाडी पाठविली जाते आणि गाडीत डॉक्टर असतो. गाड्या चालविण्याचे काम ठेकेदार कंपनीकडे आणि पैसा सरकारचा, अशी ही भागीदारी आहे.

तिसरी भागीदारी आपल्या डोळ्यांसमोर आहे, पण तिला कोणी आरोग्यसेवा म्हणत नाही. ती म्हणजे एस.टी. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील वृद्धांना प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट. या सवलतीची रक्कम राज्य सरकार महामंडळाला भरून देते. आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिसला जाणारा, क्षयाची तपासणी करणारा, ऑपरेशननंतर टाके दाखवायला जाणारा, अशा रुग्णांना १०८ ची गाडी नको असते. त्यांना हवी असते सकाळी ओ.पी.डी. उघडण्याआधी पोचविणारी आणि दुपारी परत आणणारी बस. केसपेपरची खिडकी बंद झाल्यावर पोचणारी बस अर्ध्या तिकिटात मिळाली तरी रुग्णाच्या काय कामाची?

उशीर कुठे होतो?

१९९४ साली थॅडियस व मेन या दोन अभ्यासक बाईंनी बाळंतपणातील मृत्यूंचा विचार करून तीन उशीर सांगितले. पहिला, दवाखान्यात जायचे ठरविण्यात होणारा. दुसरा, तेथे पोचण्यात होणारा. तिसरा, पोचल्यावर उपचार सुरू होण्यात होणारा. आम्हाला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. गाडी मिळेल की नाही, भाडे किती पडेल, या फिकिरीने घरचे लोक निघायचेच लांबवितात. म्हणजे दुसरा उशीर पहिल्यालाही वाढवितो. गाडीची खात्री झाली, तर निर्णयही लवकर होतो.

गाडी विकत घेणे सोपे, चालविणे अवघड

आपल्याकडे दान म्हटले की रुग्णवाहिका. खासदार निधीतून रुग्णवाहिका, आमदार निधीतून रुग्णवाहिका, ट्रस्ट आणि जमातींकडूनही रुग्णवाहिका. नारळ फुटतो, फोटो छापून येतो. पण गाडी घेणे म्हणजे लग्न, आणि ती चालविणे म्हणजे संसार. दोन पाळ्यांचे ड्रायव्हर, डिझेल, टायर, विमा, फिटनेस यांचा खर्च दर महिन्याला उभा राहतो. त्यासाठी तरतूद नसेल तर गाडी आवारात उभी राहून सडते. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालू राहत नाही. तेव्हा नव्या गाडीचा विचारही आधीपासून करावा लागतो.

दूरच्या गावात, जिथे १०८ ला पोचायला वेळ लागतो, तिथे गावातलीच जीप ठरविणे स्वस्त पडते. मात्र करार नीट हवा. जीपवाल्याला फक्त फेऱ्यामागे पैसे दिले, तर बाजाराच्या दिवशी भरलेली गाडी सोडून तो येणार नाही. फक्त महिना बांधून दिला, तर रात्री उठायची त्याला गरज वाटणार नाही. म्हणून दोन्ही हवे : तयार राहण्याची थोडी ठराविक रक्कम आणि वर किलोमीटरप्रमाणे भाडे. परतीचा रिकामा फेराही दरात धरावा. ट्रकच्या धंद्यात तो आपण धरतोच.

गाडी भाड्याच्या परवान्याची असावी. खाजगी नंबरची गाडी भाड्याने चालविली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करते. रुग्णवाहिकेतून रुग्ण नेण्याच्या सेवेवर जीएसटी नाही, हेही ठरावाच्या वेळी ध्यानात ठेवावे.

व्यापाऱ्यांनी काय करावे?

सगळी अडचण शेवटी उधारीपाशी येते. सरकारचा पैसा बुडत नाही, पण उशिरा येतो. सहा महिने थांबण्याची ताकद जीपवाल्याकडे नाही, ती आपल्याकडे आहे. तेव्हा तालुक्याच्या व्यापारी मंडळाने किंवा जमातीने शहरात आणखी एक रुग्णवाहिका घेण्याऐवजी थोडे फिरते भांडवल उभे करावे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीशी लेखी ठराव करावा. जीपवाल्याने परिचारिकेच्या सहीची चिठ्ठी आणली की त्याला त्याच आठवड्यात रोख द्यावे, आणि बिल मंजूर झाले की ती रक्कम पुन्हा भांडवलात जमा करावी. दान एकदाच द्यायचे, काम मात्र दर महिन्याला होते. चिठ्ठी, तारीख, किलोमीटर आणि दोन सह्या एवढा कागद ठेवला, तर संशयाला जागा राहणार नाही.

हे सरकारचे काम आहे, आपले नाही, असे काहीजण म्हणतील. बरोबर आहे. खर्च सरकारनेच करावा आणि बिले वेळेवर द्यावीत, ही मागणी आपण सोडू नये. पण आपली दुकाने ज्या गिऱ्हाइकांवर चालतात, ती याच गावांतून येतात. त्यांच्यासाठी रात्रीचा फोन उचलला जावा, एवढी हमी आपण घेऊ शकतो. धंद्यात आपण याहून मोठी जोखीम रोज घेतो.