नागपूरच्या दगडखाणी व त्यांतील कामकरी

शिलालेखाचा ठसा घेतांना आपण अक्षरें वाचतों. ती शिळा ज्या हातांनीं खाणींतून काढिली, त्यांचा विचार क्वचितच करितों. रायबहादुर हिरालाल यांची मध्यप्रांत-वऱ्हाडांतील लेखांची सूची आणि त्यांच्या साहाय्यानें रसेलसाहेबांनीं सिद्ध केलेला जातिवर्णनाचा चतुःखंड ग्रंथ, हीं दोन्ही १९१६ सालींच प्रसिद्ध झालीं. एकांत शिळा आहेत, दुसऱ्यांत त्या फोडणारे. दोहोंची सांगड घालावी, एवढाच या टिपणाचा हेतु.

नागपूरकडील दगड मुख्यतः द्विविध. सीताबर्डीची टेकडी काळ्या अग्निजन्य पाषाणाची. १८६४ त जळालेला भोसल्यांचा वाडाही काळ्या दगडाचाच होता. कामठीजवळ सिलेवाडा येथें मात्र वालुकाश्म. काळा दगड पायास व गिट्टीस उत्तम. वालुकाश्म टाकीस लवकर वश होतो. या वालुकाश्माच्या थरांतील वनस्पतींचे अवशेष पाद्री हिस्लॉप यांनीं जमविले व १८६१ सालीं बनबरी यांनीं त्यांचें वर्णन लंडन येथें प्रसिद्ध केलें. संग्राहकाचें नांव राहिलें. ज्यांच्या पहारीनें ते थर उघडले, ते अनामिकच.

कामकऱ्यांचीं नांवें तीन भाषांतलीं आहेत. 'पाथरवट' यांत संस्कृत प्रस्तर आहे. 'बेलदार' फारसी, बेल म्हणजे फावडें. 'वडार' हें तेलुगु वळणाचें. 'टाकी' तर अमरकोशांतील टंकाचीच वंशज. वडारांत पुनः गाडीवडार दगड फोडून वाहणारे, मातीवडार खोदकाम करणारे, जातेवडार जातीं घडविणारे.

दगडाची नस पाहून ओळीनें छिद्रें पाडावयाचीं व पाचरी ठोकून शिळा उकलावयाची. जेथें ती दाद देत नाहीं, तेथें सुरुंग. बायका गिट्टी फोडीत. मजुरी ढिगाच्या मापानें ठरे तेथें माप ब्रासाचें, म्हणजे १०० घनफुटांचें. वरचा मुरूम काढण्यांत गेलेले दिवस ढिगांत दिसत नाहींत. म्हणून मापणाऱ्याच्या हातीं चूल अडकलेली. शिवाय वालुकाश्माच्या धुळींतील स्फटिककण वर्षानुवर्षें श्वासावाटें जाऊन फुप्फुसें निकामी करितात, हें वैद्यकानें आतां निश्चित केलें आहे. टाकीस मऊ तो दगड छातीस कठोर.

हंसापुरीजवळच्या वस्तीच्या नांवांत 'खदान' शब्द टिकला आहे. माणसांचीं नांवें ठेकेदारांच्या वह्यांत, मापपुस्तकांत व हजेरीपटांत असावयाचीं. असे कागद संग्राहक रद्दी म्हणून टाकितात. आमची विनंती एवढीच कीं, मोडी रुमालांशेजारीं त्यांसही जागा द्यावी, व त्यांतील नांव, दर आणि तारीख उतरून ठेवावी.