रात्रभर ठेवलेलं पाणी आणि बिअरचा औषधी वास

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय. विषय आहे पाणी.

माझा मावसभाऊ मूळचा धुळ्याचा, नोकरीला अमेरिकेत. तिथे स्वतःपुरती बिअर घरी करता येते. पहिल्याच खेपेला गड्याने १९ लिटर केली आणि फोन आला, "भाऊ, दवाखान्यातल्या पट्टीसारखा वास येतोय रे!" यीस्ट ताजं, भांडी स्वच्छ. मग पाण्याचं विचारलं. म्हणे, "नळाचंच, पण आपण घरी ठेवायचो तसं रात्रभर उघडं ठेवलं होतं."

बग तिथेच होता.

इकडे जळगावला वाघूर धरणाचं पाणी येतं. नळ येतो त्या दिवशी हंड्याला क्लोरीनचा वास असतो, दुसऱ्या दिवशी जवळपास नाहीच. कारण मोकळा क्लोरीन हवेत उडून जातो. अमेरिकेतली बरीच शहरं मात्र क्लोरीनमध्ये अमोनिया मिसळून क्लोरामाइन करतात. लांबच्या पाइपात टिकावं म्हणूनच ते केलेलं असतं, मग ते रात्रभरात कसं जाईल?

आता यात बिअर का बिघडते? अनेकांना वाटतं, क्लोरीनने यीस्ट मरतं. नळातल्या प्रमाणाने सहसा तसं होत नाही. खरी भानगड चवीची. माल्टमधल्या फेनॉलशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफेनॉल बनतं. ते अब्जात काही भाग एवढं असलं तरी जिभेला कळतं, आणि एकदा बनलं की निघत नाही. म्हणून उपाय माल्ट भिजवण्याआधीच करायचा.

साधा क्लोरीन असेल तर पाणी रुंद तोंडाच्या पातेल्यात एक दिवस ठेवा, किंवा १५ मिनिटं उकळा. क्लोरामाइन असेल तर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे लिंबाच्या स्क्वॅशमध्ये घालतात ते केएमएस. तिकडे त्याच्या कॅम्पडेन नावाच्या गोळ्या मिळतात. १९ लिटरला पाव गोळी पुरते आणि काम काही मिनिटांत होतं. ज्यांना सल्फाइटचा त्रास होतो, दमा असतो, त्यांनी जपून.

भावाने दुसऱ्या खेपेला पाव गोळी टाकली. वास गेला.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा हा प्रयोग इथे नको. दुसरी जास्त महत्त्वाची. क्लोरीन हा आपल्या पाण्याचा राखणदार आहे. नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन असावा, असं भारतीय मानक सांगतं. बिअरचं पाणी पुढे माल्टसोबत तासभर उकळतं, म्हणून तिथे तो काढलेला चालतो. प्यायच्या पाण्यातून मुद्दाम काढू नका. आणि चार-चार दिवसांनी नळ येणाऱ्या घरात साठवलेलं पाणी झाकूनच ठेवा. राखणदार उडून गेला की जंतू आणि डास दोघांनाही रान मोकळं.

भेटू पुढच्या भागात.