फुकटचा खेळ आणि कमावलेला रविवार

करमणूक ही फावल्या वेळची गोष्ट, म्हणून तिच्याविषयी गंभीरपणे बोलण्याची आपल्याकडे फारशी रीत नाही. कामाचे तास, पगार, महागाई हे व्याख्यानाचे विषय. खेळ आणि गमती घरी गेल्यावरच्या, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. मला ती मान्य नाही. कष्टकऱ्याचा फावला वेळ त्याला कोणी दान म्हणून दिलेला नाही. तो मागून, भांडून आणि संघटना बांधून मिळवावा लागला. जी वस्तू अशी मिळवली ती आज कोणाच्या हाती चालली आहे, हे पाहणे कामगार चळवळीचे कामच आहे. मोबाईलवरचे खेळ, त्यांच्यामागचे सॉफ्टवेअर आणि त्यांवर चालणारा धंदा यांचा विचार मी या बाजूने करणार आहे.

प्रथम थोडा इतिहास. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने सरकारपुढे अर्ज मांडला. त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. आठवड्यातून एक दिवस रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर, अपघातात जखमी झालेल्यास भरपाई, अशा त्या साध्या मागण्या होत्या. त्यांतली पहिली मान्य व्हायला सहा वर्षे लागली. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे कायद्याने आठवड्याचे कामाचे तास १९२२ साली ६०, १९३४ साली बारमाही कारखान्यांत ५४ आणि १९४६ साली ४८ असे उतरत आले. हा प्रत्येक तास म्हणजे चळवळीची कमाई आहे.

या मिळालेल्या वेळाचे काय करावे, याचाही विचार त्या पिढ्यांनी केला. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणगावात रात्रशाळा व वाचनालये चालवली. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ साली उभे राहिले. १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्याने कामगार कल्याण मंडळ आले, त्याच्या नाट्यस्पर्धा सुरू झाल्या. दिवसा साच्यावर उभा असणारा माणूस रात्री रंगमंचावर उभा राहू लागला. तेथे तो केवळ प्रेक्षक नव्हता. करमणूक घडवणाराही तोच होता.

आता आपल्या भाईंदर पश्चिमेचा हिशेब मांडून पाहू. येथून चर्चगेटकडे नोकरीला जाणाऱ्या माणसाचे जाण्यायेण्यात दिवसाला अडीच तास जातात असे धरा. महिन्याचे कामाचे दिवस पंचवीस. म्हणजे साडेबासष्ट तास, आठ तासांच्या पाळीने मोजले तर जवळजवळ आठ पाळ्या, निव्वळ गाडीत. पूर्वी या वेळात गाडीत भजन चाले, पत्त्यांचा डाव पडे, वर्तमानपत्राच्या घड्या हातोहात फिरत. भजने आजही कानी पडतात. परंतु बहुतेक माना खाली आणि डोळे चार बोटे रुंदीच्या पडद्यावर, हे आजचे चित्र आहे. त्या पडद्यावर बहुधा एखादा खेळ असतो, आणि तो फुकट असतो.

फुकट का असतो? हा प्रश्न आपण विचारत नाही. भाईंदरच्या कारखान्यांत स्टीलचे भांडे घडते तेव्हा प्रत्येक भांड्याला पत्रा लागतो, मजुरी लागते, पॉलिशचा खर्च लागतो. सॉफ्टवेअरचे तसे नाही. ते एकदा घडवायला पुष्कळ खर्च येतो, परंतु घडल्यावर त्याची एक प्रत काढली काय अन् एक कोटी काढल्या काय, जादा खर्च त्यामानाने नगण्य. म्हणून खेळ फुकट वाटणे परवडते. पण फुकट वाटून पैसा कोठून येणार? तो तीन वाटांनी येतो.

पहिली वाट जाहिरातीची. दोन डावांच्या मध्ये जाहिरात लागते, आणि ती पाहणाऱ्या डोळ्यांमागे जाहिरातदार खेळाच्या मालकाला पैसे देतो. एका डोळ्याची किंमत क्षुल्लक. कोट्यवधी डोळ्यांची किंमत मोठी. म्हणजे येथे विकला जाणारा माल खेळ नसून आपले पाहणे हा आहे.

दुसरी वाट खेळातल्या खरेदीची. ‘कँडी क्रश सागा’ हा २०१२ साली निघालेला खेळ अनेकांनी खेळला असेल. त्यात खेळणाऱ्याला पाच ‘जीव’ मिळतात. हरला की एक जातो. सगळे संपले की नवा जीव यायला अर्धा तास थांबायचे, नाहीतर पैसे मोजायचे. बहुसंख्य लोक थांबतात; थोडे मोजतात. त्या थोड्यांवर धंदा किती मोठा होतो? हा खेळ काढणारी ‘किंग’ ही कंपनी २०१६ साली ५९० कोटी डॉलरांना विकली गेली. काही खेळांत तर बंद पेटी विकतात. आत काय आहे ते पैसे दिल्यावर कळते. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ साली अशा पेट्यांना जुगार ठरवले.

तिसरी वाट उघड पैजेची, तिच्याकडे पुढे येऊ. त्याआधी या खेळांची बांधणी पाहिली पाहिजे, कारण खरी गोम तेथे आहे.

स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर व उंदरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. कळ दाबली की दाणा पडतो, हे प्राणी लवकर शिकतो. दर वेळी दाणा पडत असेल, तर दाणा बंद झाल्यावर तो थोड्याच वेळात कळ सोडून देतो. परंतु दाणा कधी तिसऱ्या दाबाला, कधी विसाव्याला, असा अनियमित पडत असेल, तर तो थकेपर्यंत कळ दाबत राहतो. पुढच्या वेळी पडेल, ही आशा सुटत नाही. जुगाराचे यंत्र या नियमावर चालते, आणि मोबाईलवरचे कितीतरी खेळही या नियमावर बांधलेले असतात.

कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाला यापुढची रचना फारच ओळखीची वाटते. खेळ रोज उघडला तर बक्षीस, सलग सात दिवस उघडला तर मोठे बक्षीस, एक दिवस चुकला की मोजणी पुन्हा एकापासून: ही झाली हजेरी आणि हजेरीचा बोनस. अमुक वेळेत अमुक काम पुरे केले तर जादा नाणी: हा झाला उत्पादन बोनस. ‘तुमची फौज तयार आहे, लवकर या’ असा निरोप मोबाईलवर वाजतो: हा झाला भोंगा. शेजाऱ्याचे गुण आपल्या गुणांच्या वर दिसत राहतात: ही झाली मुकादमाने लावलेली चढाओढ. आठ तास कारखान्यात मस्टरवर सही करून बाहेर पडलेला माणूस गाडीत बसतो आणि दुसऱ्या मस्टरवर सही करतो. फरक इतकाच की पहिल्या ठिकाणी महिन्याअखेर पगार मिळतो, आणि तेथे तास मोजायला कायदा आहे.

आता तिसरी वाट. कष्टकऱ्याच्या खिशाला पैजेचे भोक पडणे ही काही मोबाईलने आणलेली गोष्ट नव्हे. कापसाच्या भावांच्या आकड्यांवर लागणारा सट्टा साठच्या दशकात मटका होऊन गिरणगावात शिरला, आणि पगाराच्या दिवशी किती घरांत भांडणे झाली ते जुन्या लोकांना ठाऊक आहे. त्याच्याही आधी बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे वेड होते. त्यातून निघालेल्या ‘मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली निकाल दिला की, जुगार हा राज्यघटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे. मात्र १९६८ साली त्याच न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असे म्हटले. ते पत्ते हातात धरून क्लबात खेळल्या जाणाऱ्या रमीविषयी होते. पुढे मोबाईलवर पैशाची रमी आली तेव्हा ‘कौशल्य’ हा शब्द तिच्या धंदेवाल्यांची ढाल झाला.

या ढालीमागे काय घडत होते ते पतपेढ्यांच्या टेबलावर दिसे. कर्जाच्या अर्जात ‘घरदुरुस्ती’ किंवा ‘आजारपण’ असे लिहिलेले असे; जवळ बसवून विचारले की मान खाली घालून माणूस मोबाईलचे नाव घेई. मटक्यासाठी निदान गल्लीत जावे लागे, ओळखीचा कोणी बघेल ही भीती असे. येथे घरच्यांच्या शेजारी पांघरुणात पडून पगार उडवता येई, आणि कोणाला पत्ता लागत नसे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाईन खेळांविषयीचा कायदा केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैशांच्या खेळांत दर वर्षी सुमारे ४५ कोटी लोक जवळजवळ २० हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारी अंदाज तेव्हा सांगण्यात आला. या कायद्याने कौशल्य की नशीब हा वादच बाजूला ठेवला. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या आशेने खेळला जाणारा प्रत्येक ऑनलाईन खेळ त्याच्या कक्षेत घेतला. असा खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्यासही शिक्षा. मात्र खेळणाऱ्याला गुन्हेगार धरलेले नाही, आणि हे योग्यच झाले. भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर ज्या ‘ड्रीम इलेव्हन’चे नाव होते, तिने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या आणि ते नाव संघाच्या कपड्यांवरून उतरले. कायद्याला न्यायालयात आव्हानेही दिली गेली. ते काहीही असो, हा कायदा खिशाचे रक्षण करतो, वेळेचे नाही. जाहिरातीची वाट आणि जिवांच्या विक्रीची वाट मोकळीच आहे.

मग खेळूच नये काय? मी असे मुळीच म्हणत नाही. आमच्या वडीलधाऱ्यांनी तमाशाला नावे ठेवली, मग सिनेमाला ठेवली, मग दूरदर्शन संचाला ठेवली; आता आपण मुलांच्या मोबाईलला ठेवतो. नुसती नावे ठेवून कोणी सुधारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या व्यसनाला आपल्या रोगांच्या यादीत स्थान दिले, ती यादी २०२२ च्या आरंभापासून लागू झाली. परंतु तेथेही अट अशी आहे की, खेळण्यावरचा ताबा सुटलेला असावा, बाकी सारे मागे पडलेले असावे, नुकसान दिसत असूनही खेळ चालूच असावा, आणि हे बहुधा वर्षभर टिकलेले असावे. रोज अर्धा तास खेळणारा मुलगा रोगी नव्हे.

चांगला खेळ कोणता हे ओळखायला मी तीन साधे प्रश्न सुचवतो. पहिला, हा खेळ संपतो काय? नोकियाच्या फोनवर १९९७ साली साप आला. तो स्वतःच्या शेपटीला चावला की डाव संपे, आणि फोन खिशात जाई; त्याला आपल्याला परत बोलवायचे कारण नव्हते, कारण कंपनीचा पैसा फोन विकतानाच वसूल झालेला होता. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या मंडळीने २०२० साली ‘राजी’ नावाचा खेळ काढला. हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची ती गोष्ट आहे. पैसे देऊन घ्यावी, पुरी करावी, आणि पुस्तक मिटावे तशी मिटावी, अशी तिची रचना आहे. असे खेळ घडवणाऱ्या कारागिरांना त्यांच्या कष्टाचे दाम मिळालेच पाहिजे. ‘सगळे फुकट हवे’ ही आपली सवय त्यांनाही हजेरी-बोनसच्या धंद्याकडे ढकलते.

दुसरा प्रश्न, एकूण किती पैसे लागतील हे आधी कळते काय? बाजारात भाव न सांगता माल पिशवीत टाकणाऱ्याकडून आपण भाजी घेत नाही. तोच नियम येथे लावावा. तिसरा, या खेळाने माणूस माणसाजवळ येतो काय? आपला सारीपाट इंग्लंडला जाऊन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लुडो झाला, आणि नवी मुंबईच्या एका कंपनीने २०१६ साली ‘लुडो किंग’ म्हणून तो मोबाईलवर आणला. २०२० च्या टाळेबंदीत गावाकडची आजी आणि शहरातली नातवंडे एका पटावर बसली ती त्याच्यामुळे. त्यातही जाहिराती आहेतच. पण एका फोनवर चौघे वाकून खेळतात, चिडतात, हसतात, तेव्हा तो वेळ काही अंशी तरी त्यांचा स्वतःचा असतो.

घरी करण्याजोग्या गोष्टी सोप्या आहेत. खेळांचे निरोप बंद करावेत. म्हणजे भोंगा बंद होतो. खरेदीला परवलीचा शब्द लावावा आणि तो मुलांना सांगू नये. मुलाने किती वेळ खेळावे हे त्याच्याशी बसून ठरवावे, आणि आपणही पाळावे. बाप स्वतः पडद्यात मान घालून बसलेला असेल तर त्याच्या उपदेशाला किंमत नाही.

पण हे केवळ घरापुरते काम नाही. मुलाच्या हातातला मोबाईल काढून घेतल्यावर त्या हातात काय देणार, याचे उत्तर एकटा बाप देऊ शकत नाही. त्यासाठी वाचनालय संध्याकाळी उघडे हवे, मैदान मोकळे हवे, वस्तीत नाटकाची तालीम व्हायला एक खोली हवी. या मागण्या नगरसेवकाकडे जशा न्यायच्या, तशा संघटनेच्या मागणीपत्रातही याव्यात. लोखंड्यांनी मालकाकडून रविवार मागून घेतला, त्याचा उपयोग कसा करावा हे त्यांनी आपल्यावर सोपवले. त्या रविवारावर आता नवा मालक हक्क सांगतो आहे, आणि तो फाटकावर दिसत नाही म्हणून त्याच्याशी बोलणी करणे कठीण आहे. तूर्त त्याच्याविरुद्ध एकच संप शक्य आहे, आणि तो प्रत्येकाच्या अंगठ्यात आहे: डाव संपला, आता बंद.