न दिसणाऱ्या यशाचा जमाखर्च

भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नावरून २०२५ साली देशात दोन तट पडले. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्टला दिल्ली व परिसरातील कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला त्यात बदल झाला आणि पिसाळलेले वा आक्रमक कुत्रे वगळून बाकीच्यांना निर्बीजीकरण व लसीकरणानंतर मूळ जागी सोडावे, असे ठरले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्रे हलविण्याचा व ते पुन्हा तेथे न सोडण्याचा आदेश निघाला. या सर्व काळात एका तटाने लेकराबाळांच्या जिवाची बाजू मांडली, तर दुसऱ्याने मुक्या प्राण्यांची. कुत्र्याचे हित आणि माणसाचे हित परस्परविरोधी आहेत, हे मात्र दोन्ही तटांनी जणू गृहीतच धरले होते. हे गृहीतकृत्य कितपत खरे आहे, हे पाहण्यासाठी महाराष्ट्राच्या शेजारी गोव्यात काय घडले, ते पाहणे उद्बोधक ठरेल.

रेबीज हा रोग एकदा लक्षणे दिसू लागली की जवळजवळ निश्चितपणे प्राणघातक ठरतो. पाश्चरने १८८५ साली एका मुलाला लस टोचून तो टाळता येतो हे दाखवून दिले, त्याला आता सुमारे एकशे चाळीस वर्षे झाली. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या रोगाने जगात वर्षाकाठी सुमारे ५९ हजार माणसे दगावतात, आणि त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मृत्यू एकट्या भारतातले असतात. बळी पडणाऱ्यांत पंधरा वर्षांखालील मुलांचे प्रमाण मोठे आहे. माणसाला होणारा रेबीज बहुतांशी कुत्र्याच्या चाव्यातूनच होतो. म्हणजे रोगाचा साठा कुत्र्यांत आहे आणि तो तेथेच आटविला पाहिजे.

एका वर्षाचे काम

गोव्यात राज्य सरकार व ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी मिळून नेमके हेच काम हाती घेतले. २०१३ ते २०१९ या काळातील त्यांच्या कामाचा अभ्यास २०२२ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कामाची पद्धत साधी होती, पण ती चिकाटीने राबविण्यात आली. पथकांनी वाड्यावस्त्यांवर जाऊन पाळीव कुत्र्यांना लस टोचावयाची, मोकाट कुत्री जाळ्यांत पकडून त्यांनाही लस द्यावयाची आणि अंगावर रंगाची खूण करून सोडून द्यावयाचे. मग त्याच भागात फिरून खूण असलेली व नसलेली कुत्री मोजावयाची. शेकडा सत्तर कुत्र्यांना लस मिळाली म्हणजे रोगाची साखळी तुटते, असे शास्त्र सांगते. म्हणून जेथे हे प्रमाण कमी भरेल, तेथे पथकाने पुन्हा जावयाचे. पथकांना दिशा देण्यासाठी व नोंदी ठेवण्यासाठी मोबाइल फोनचा उपयोग करण्यात आला. अशा रीतीने वर्षाला ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांचे लसीकरण होऊ लागले.

या कामाचा दुसरा अर्धा भाग शाळांच्या वर्गांत चालला. दरवर्षी सुमारे दीड लाख मुलांपर्यंत शिक्षणपथके पोहोचली. अनोळखी कुत्र्याजवळ कसे वागावे, पिलांजवळ बसलेल्या कुत्रीला का छेडू नये, चावा बसल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तडक दवाखाना का गाठावा, हे मुलांना माहीत असणे अत्यावश्यक असते. जखमेवर चुना, हळद किंवा तिखट भरण्याच्या समजुती ज्या घरांत अद्याप टिकून आहेत, तेथे शाळेतून परतलेले मूल हाच सर्वात स्वस्त आणि विश्वासू आरोग्यसेवक असतो.

या परिश्रमांचे फळ असे की, कुत्र्यांतील रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले आणि अभ्यासकाळाच्या अखेरीस राज्यातील माणसांचे रेबीजचे मृत्यू थांबले. अभ्यासकांच्या हिशेबाने निरोगी आयुष्याचे एकेक वर्ष वाचविण्यास सुमारे ५२६ डॉलर खर्च आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार ही गुंतवणूक अतिशय किफायतशीर ठरते.

दयेचे अर्थशास्त्र

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. रस्त्यावरील कुत्र्याला लस टोचण्याचा लाभ सबंध मोहल्ल्याला मिळतो. म्हणूनच तिचा खर्च उचलण्यास एकटा नागरिक पुढे येत नाही. अर्थशास्त्रात अशा वस्तूला सार्वजनिक वस्तू म्हणतात, आणि ती पुरविण्याची जबाबदारी समाजाने एकत्रितपणे, म्हणजे सरकार व नगरपालिकांनी, पत्करावी लागते. कुत्री मारून टाकण्याचा उपायही सार्वजनिक पैशानेच आजवर करून पाहण्यात आला. मुंबईत १८३२ साली कुत्री मारण्याच्या मोहिमेवरून दंगल उसळली होती; पुढेही शहराने हा मार्ग दीर्घकाळ अवलंबिला. तरी कुत्री संपली नाहीत. उकिरड्यावर अन्न आहे तोवर मोकळी झालेली जागा नवी कुत्री भरून काढतात, आणि ती लस न टोचलेली असतात. लस टोचलेला कुत्रा गल्लीत राहिला, तर तो त्या गल्लीपुरता रोगाविरुद्धचा बांधच ठरतो.

अर्थात लसीकरणाने सगळे प्रश्न सुटत नाहीत. लस टोचलेला कुत्राही चावतो, आणि चाव्याची दहशत व वेदना खऱ्या असतात. त्यासाठी निर्बीजीकरण आणि कचऱ्याची व्यवस्था यांना पर्याय नाही. शिवाय गोवा हे लहान राज्य आहे. महाराष्ट्रात हेच काम कैक पटींनी अवघड ठरेल. आणि रोगाला राज्याची सीमा ठाऊक नसते. दोडामार्गचा कुत्रा डिचोलीत जाताना कोणत्याही नाक्यावर थांबत नाही. म्हणून एका राज्याने बांध घालावा आणि शेजाऱ्याने उघडा ठेवावा, हे फार काळ चालणारे नाही. २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपविण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा २०२१ साली जाहीर झाला, त्याचे मर्म यातच आहे.

यश दिसत नाही म्हणून

अशा कामाला खरा धोका विरोधकांपासून नसून यशापासूनच असतो. पूल बांधला की तो डोळ्यांना दिसतो, त्याचे उद्घाटन करता येते. न झालेल्या मृत्यूचे उद्घाटन होत नाही. वाचलेल्या मुलाला आपण वाचलो हे कळतही नाही. मग दोन-तीन वर्षे रोग आढळला नाही की अंदाजपत्रक तयार करणाऱ्याला वाटू लागते, आता या खर्चाची गरज काय? वस्तुतः कुत्र्यांच्या पिढ्या झपाट्याने बदलतात, नवी पिले लस न घेताच वाढतात, आणि दरवर्षी पहिल्या वर्गात नवी मुले येतात. दोन वर्षे खंड पडला, तर शेकडा सत्तरचा बांध आपोआप खचतो. हा खर्च एकदा करून मोकळे होण्याचा नव्हे. पाणीपुरवठ्याप्रमाणे दरवर्षी जमाखर्चाच्या वहीत नोंदविण्याचा आहे.

घटनेच्या ५१-अ कलमाने १९७६ सालापासून प्राणिमात्रांविषयी दया हे नागरिकांचे कर्तव्य मानले आहे. ही दया केवळ भाकरीचा तुकडा टाकून पुरी होत नाही. नगरपालिकेतील लिपिकाने लसीकरणाची तरतूद अखर्चित पडू न देणे आणि शिक्षकाने वर्षातून एक तास या विषयाला देणे, हीही दयाच होय. आणि तिचा पहिला लाभार्थी माणसाचे मूल आहे.