दर्याकाठच्या चौक्या – लेखांक ७ : खांदेरीचा दिवा

मागच्या आठवड्यात ओहोटी साधून आपण कुलाबा किल्ल्यात चालत गेलो. आज होडी लागेल. थळच्या किनाऱ्यावरून खांदेरीला सकाळीच निघावे. दुपारी वायव्येचा वारा उठला की परतताना अंग भिजते, कुणाकुणाचे पोटही ढवळते. पावसाळ्यात तर हा बेतच नको. खांदेरी, कोर्लई, जंजिरा असे सगळे एका दिवसात उरकणारे सहलवाले असतात. त्यांच्या नादी न लागलेले बरे.

बेटावर उतरल्यावर गाईड आधी वेताळाच्या देवळात नेतो, मग दगड वाजवून दाखवतो. ठोकला की भांड्यासारखा नाद देणारा हा खडक पोरांना फार आवडतो. माझे मत विचाराल तर आधी सरळ दीपगृहापाशी चढावे आणि उत्तरेकडे तोंड करून उभे राहावे. हाकेच्या अंतरावर उंदेरी, उजवीकडे थळचा किनारा आणि समोर मुंबई बंदरात शिरणाऱ्या जहाजांची वाट. १६७९ साली या खडकावरून एवढे रण का माजले, ते इथे न सांगता कळते.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी यांना इथे तट बांधायला पाठवले. मुंबईचे इंग्रज हादरले. खांदेरीवर ज्याचा पहारा, त्याला मुंबईत येणारे-जाणारे प्रत्येक गलबत दिसणार. त्यांनी बेटाभोवती जहाजे उभी केली. पण ती पडली जड आणि खोल बुडाची. मराठ्यांच्या हलक्या होड्या उथळ पाण्यातून, रात्रीच्या अंधारात दाणागोटा घेऊन निसटत. १८ ऑक्टोबरच्या लढाईत ‘डोव्हर’ नावाचे इंग्रजी गलबत मराठ्यांच्या हाती लागले. १६८० च्या जानेवारीत इंग्रजांनी तह करून माघार घेतली. त्याच सुमारास सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली, म्हणून ही दोन बेटे पुढे कित्येक वर्षे एकमेकांवर तोफा डागत राहिली.

पेशवाई बुडाल्यावर खांदेरी इंग्रजांकडे गेली. आता शत्रूची भीती नव्हती, खडकांची होती. १८६७ साली त्यांनी इथे अष्टकोनी मनोरा बांधून दिवा लावला. दिव्याचे गणित सोपे आहे. पृथ्वी गोल असल्याने २५ मीटर उंचीचा दिवा पाण्याच्या पातळीवरून साधारण १८-१९ किलोमीटरपर्यंतच दिसतो. हे अंतर दुप्पट करायचे तर उंची चौपट हवी, म्हणजे १०० मीटर. एवढा मनोरा कोण बांधणार? म्हणून उंचवटा शोधायचा. आणि किनाऱ्यावरचे मोक्याचे उंचवटे किल्लेदारांनी आधीच हेरून ठेवलेले! दूरवर दिसावे म्हणून निवडलेल्या जागा दुरून दिसण्यासाठीही आयत्या कामी आल्या.

उंचीइतकेच महत्त्व भिंगाचे. फ्रेनेल पद्धतीच्या भिंगात काचेची कडी एकाभोवती एक बसवलेली असतात. चहूकडे पांगणारा उजेड ती एका झोतात आणतात. भिंग फिरले की दुरून लखलखाट दिसतो. शेजारच्या दीपगृहांच्या लखलखाटांचा क्रम वेगवेगळा ठेवलेला असतो, त्यामुळे सेकंद मोजून तांडेल दिवा ओळखतो. हे गाईडने सांगितले नाही, तर दीपगृहाच्या कर्मचाऱ्यांना जरूर विचारा. आत सोडतात का, हे मात्र आधी चौकशी करूनच निघा.

खांदेरीला कान्होजी आंग्रे यांचे नाव दिलेले आहे, आणि २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ मराठा किल्ल्यांत ती आहे. आता इथे गर्दी वाढेल. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आपापल्या पिशवीतून परत आणल्या, तर होडीवाले दुवा देतील.

दुसऱ्या दिवशी रेवदंड्याचा पूल ओलांडून कोर्लईला जावे. इथला दिवा डोंगराच्या समुद्राकडच्या उतारावर आहे आणि त्याच्या मागूनच किल्ल्याची चढण लागते. डोंगर अरुंद, लांबुळका, कुंडलिकेच्या मुखावर पुढे आलेला. निजामशाहीने त्यावर बांधायला घेतलेली गढी पोर्तुगीजांनी १५९४ साली जिंकली. पुढे दीडशेएक वर्षांनी मराठ्यांनी ती घेतली. पोर्तुगीज गेले, पण पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज-मराठी मिश्रणाची बोली आजही घरात बोलतात. गाईड गावात थांबत नसेल तर त्याला थांबवा आणि चहा तिथेच घ्या.

पुढच्या लेखांकात जयगड, आणि तिथला १९३२ सालचा बिडाचा मनोरा.