चित्रकलेचा तास नववीत कुठे जातो?

शाळाप्रवेशाचा हंगाम आता आकाशकंदील उतरण्याआधीच सुरू होतो. खासगी शाळांची माहितीपत्रकं शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर मुखपृष्ठावरचा फोटो बहुधा एकच: चाकावर मडकं घडवणारी, कोपरापर्यंत चिखलाने माखलेली, हसरी मुलगी. खाली ‘प्रयोगशील’, ‘आनंददायी’, ‘सर्वांगीण विकास’. फोटो खोटा असतो असं नाही. पण ती मुलगी सहसा तिसरी-चौथीतली असते, आणि पालक शुल्क भरणार असतात ते दहावीपर्यंत. प्राथमिक वर्गांत कला कोणत्याही शाळेला परवडते, कारण तिथे तिची कुणाशी स्पर्धा नसते. दहावीची सावली सातवीपासूनच वर्गावर पडू लागते, आणि मग कलेचा तास हळूच गणिताला दिला जातो, स्नेहसंमेलनापुरता परत मिळतो आणि पुन्हा जातो. म्हणून वेगळ्या वाटेची, कलेला मानाची जागा देणारी शाळा शोधणाऱ्यांनी तिची पारख आठवी ते दहावीच्या वेळापत्रकावरून करावी, असं माझं म्हणणं आहे. बाकीचं बरंचसं छपाईचं कसब.

कलेच्या आधाराने शिकवण्याची कल्पना आपल्याकडे अलीकडे आयात झाली, हा एक गैरसमज. रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात शाळा काढली १९०१ साली. स्टुटगार्टमधल्या सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी रुडॉल्फ स्टायनर यांनी उभी केलेली पहिली वॉल्डॉर्फ शाळा त्यानंतरची, १९१९ची. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने नई तालीमचा आराखडा केला. त्यात हस्तोद्योग हे शिक्षणाचं माध्यम होतं, फावल्या वेळचा छंद नव्हता. गांधीजींचा भर उत्पादक कामावर, रवींद्रनाथांचा सौंदर्याच्या जाणिवेवर. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ साली कलाशिक्षक म्हणून सेवाग्रामला आले, तेव्हा या दोन धारा एकाच शाळेत वाहू लागल्या. महाराष्ट्रातल्या नंतरच्या प्रयोगांची वंशावळ अशी जुनी आहे. कोल्हापुरात लीलाताई पाटलांचं सृजन आनंद विद्यालय, फलटणला मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेचं कमला निंबकर बालभवन, पुण्यात १९९२पासूनचं अक्षरनंदन, सेवाग्रामात २००५ साली नव्याने सुरू झालेलं आनंद निकेतन. राजगुरुनगरजवळच्या डोंगरावर कृष्णमूर्ती फाउंडेशनची निवासी सह्याद्री शाळा, मुंबईत वॉल्डॉर्फ पद्धतीची त्रिधा. यांची माध्यमं वेगळी, शुल्कं वेगळी, विचारही एकमेकांशी जुळतीलच असे नाहीत. ‘पर्यायी शाळा’ या एका शब्दात हे सगळं कोंबणं म्हणजे पिठलं आणि पुरणपोळी दोन्ही डाळीचीच म्हणून एका पानावर लिहिणं.

आता पुराव्याकडे. कलेने मूल हुशार होतं, गणितात चमकतं, मेंदूचा उजवा भाग फुलतो, असं प्रवेशाच्या सभांत छातीठोकपणे सांगितलं जातं. याची कसून तपासणी एलन विनर आणि लॉइस हेटलंड यांनी हार्वर्डच्या प्रोजेक्ट झिरोत केली. २०००मध्ये त्यांनी १८८ अहवाल एकत्र करून त्यांचं विश्लेषण मांडलं. वर्गातल्या नाट्यीकरणाने भाषेची कौशल्यं सुधारतात याला भक्कम आधार मिळाला. संगीत आणि अवकाशविषयक तर्कशक्ती यांचंही काही नातं दिसलं. पण कलेने भरलेल्या शिक्षणामुळे इतर विषयांचे गुण वाढतात, असा कार्यकारणसंबंध हाती लागला नाही. कला घेणारी मुलं परीक्षेत पुढे दिसतात हे अनेकदा खरं असतं. मात्र त्यामागे घरची सुबत्ता, शिकलेले आईवडील आणि मुळातच अभ्यासू असलेली मुलं कलेकडे वळणं, हीही कारणं असतात. कलाप्रेमी मंडळींना हे निष्कर्ष रुचले नाहीत, आणि ते समजण्यासारखं आहे. पुढे डॅनियल बोवेन आणि ब्रायन किसिडा यांनी अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात ४२ शाळांची सोडतीने विभागणी करून प्रयोग केला. तिसरी ते आठवीची दहा हजारांहून अधिक मुलं त्यात होती. २०१९च्या अहवालानुसार ज्या शाळांत कलेचे उपक्रम वाढवले तिथे शिस्तभंगाचे प्रकार कमी झाले, लेखनाचे गुण सुधारले, दुसऱ्याविषयीची कणव वाढली. गणितात आणि वाचनात मात्र दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. तेव्हा जी शाळा कलेची जाहिरात गणिताच्या गुणांच्या जोरावर करते, तिला कलेविषयी फारसा विश्वास नाही असं समजायला हरकत नाही.

मग कला हवी कशाला? याचं उत्तर वस्तुचित्राच्या साध्या तासात सापडतं. टेबलावर तांब्या ठेवलेला असतो. तेरा वर्षांचा मुलगा त्याचं तोंड गोल काढतो, कारण तांब्याचं तोंड गोल असतं हे त्याला माहीत आहे. आणि तळाची रेघ सरळ मारतो, कारण तांब्या सपाट फळीवर बसलाय हेही त्याला माहीत आहे. चांगल्या बाई त्याच्या कागदावर हात चालवत नाहीत. पेन्सिल हाताच्या अंतरावर आडवी धरून तोंडाची रुंदी आणि उंची मापायला लावतात. ते तोंड लंबवर्तुळ निघतं. मग तळ पाहायला लावतात, आणि तळाची कडा तोंडापेक्षाही अधिक फुगीर वळलेली दिसते, कारण ती डोळ्यांच्या पातळीपासून जास्त खाली आहे. पहिला कागद बाजूला जातो, दुसरा येतो, कधी चौथा. या अर्ध्या-पाऊण तासात मुलगा शिकतो ते असं की आपल्याला जे माहीत आहे आणि समोर जे दिसतंय त्यांत फरक असतो, आणि तो मापून पाहता येतो. शिवाय पहिला प्रयत्न चुकला म्हणून कुणी लाल शाईने फुली मारत नाही. तो पायरी म्हणून उरतो. हेटलंड, विनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे बॉस्टन परिसरातल्या दोन कलाप्रधान माध्यमिक शाळांतले तास बारकाईने पाहिले. तिथे हाताच्या कौशल्याबरोबर निरीक्षण, चिकाटी, मनात चित्र उभं करणं, स्वतःच्या कामाकडे तटस्थपणे पाहणं या सवयी लागतात असं त्यांनी नोंदवलं. त्या सवयी आपोआप भूमितीच्या वहीत उतरतील अशी हमी कुणी देऊ शकत नाही. पण चौदाव्या-पंधराव्या वर्षी, जेव्हा बाकीचं शिक्षण एका बरोबर उत्तराभोवती फिरू लागतं, तेव्हा त्या इतरत्र लागण्याची संधी फार थोडी असते.

यावरून शाळेत काय पाहायचं हे ठरतं. सभागृह, रंगमंचावरचे दिवे, परदेशी पियानो यांनी दिपून जाऊ नये. नववीच्या वर्गाचं वेळापत्रक मागावं, तेही जानेवारी-फेब्रुवारीतलं. जूनमधलं सगळ्यांचंच गोंडस असतं. भिंतीवर लावलेली चित्रं एकमेकांसारखी आहेत का पाहावं. चाळीस मुलांचे चाळीस मोर एकाच दिशेला तोंड करून उभे असतील, तर तिथे नकलेचा तास चालतो. अर्धवट, खोडलेली, पुन्हा केलेली कामं शाळा जपून ठेवते का, हे विचारावं. शिक्षक कायमस्वरूपी आहे की आठवड्यातून दोनदा येणारा ‘एक्सपर्ट’, याला तर सर्वांत जास्त महत्त्व. स्नेहसंमेलनाविषयीही एक शब्द: बाहेरून नृत्यदिग्दर्शक आणून तीन आठवडे अभ्यास बंद ठेवणं आणि वर्षभर मुलांनी स्वतः लिहून, भांडून, बदलून एक नाटक उभं करणं, या दोन परस्परविरोधी गोष्टी आहेत, पडद्यावर त्या कितीही सारख्या दिसोत.

इथे पहिला आक्षेप येतोच: दहावीचं काय? तो पालकांचा भाबडेपणा म्हणून उडवून लावणं अन्याय्य आहे. अकरावीचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो आणि पुढे जेईई, नीट, सीईटी यांतलं काही ना काही असतंच. कला वेळ खाते, हे कबूल करायला हवं. पण किती? आठवड्याच्या पंचेचाळीसेक तासिकांतल्या चार दिल्या तरी ते दहा टक्क्यांहून कमी. ह्यूस्टनच्या प्रयोगात गणिताचे गुण वाढले नाहीत हे वर आलंच, पण ते घटलेही नाहीत. तो निष्कर्ष आठवीपर्यंतचा आहे आणि आपल्या बोर्डाचा नाही, हेही लक्षात ठेवावं. त्यापेक्षा उपयोगी म्हणजे शाळा कोणत्या मंडळाशी जोडलेली आहे ते बघणं. आयसीएसईच्या तिसऱ्या गटात कला हा रीतसर विषय घेता येतो आणि त्याचे निम्मे गुण शाळेतल्या कामाचे असतात. सीबीएसईत चित्रकला किंवा हिंदुस्थानी संगीत जादा विषय म्हणून घेता येतो. आपल्या राज्य मंडळात दहावीला कलेचा स्वतंत्र पेपर नाही. शासकीय रेखाकला परीक्षेतल्या इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार जास्तीत जास्त ७ वाढीव गुण मिळतात. या सात गुणांनी चित्रकलेची आबरू राखली असं काही जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. अनेक ठिकाणी तिचं रूपांतर चार महिन्यांच्या घोटून घेण्यात झालं आहे: संकल्पचित्राचे तेच आकृतिबंध, स्मरणचित्रात तोच पाठ केलेला बाजार. राज्य मंडळाची जी शाळा या गुणांपलीकडेही नववी-दहावीत कलेचे तास टिकवते, तिची निष्ठा म्हणूनच अधिक खरी मानावी.

दुसरा आक्षेप व्यवहारी घरांतला: शाळा नेहमीची घेऊ, गाण्याचा-तबल्याचा क्लास लावू. हा मार्ग चांगला आहे आणि महाराष्ट्रात संगीत त्यानेच टिकलं आहे. ज्याच्या गळ्यात सूर आहे त्याला शाळेतल्या तासापेक्षा गुरूचीच गरज. पण क्लासला ज्याला आवड आहे तो जातो, आणि एकटा जातो. शाळेत मात्र हात थरथरणाराही चित्र काढतो, बेसूर पोरगाही समूहगानात उभा राहतो आणि अबोल मुलीला नाटकात प्रकाशयोजना मिळते. ज्यांना कला ‘येत नाही’ अशांसाठीच शाळेतल्या कलेची खरी किंमत आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो: हे सगळं पैसेवाल्यांचे चोचले आहेत. बऱ्याच शाळांबाबत तो खरा आहे. शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत दुर्बल आणि वंचित गटांसाठी प्रवेशवर्गात २५ टक्के जागा ठेवल्या. पण ते मोफत शिक्षण आठवीला संपतं. म्हणजे माध्यमिक शाळा सुरू होते नेमक्या त्या उंबऱ्यावर गरीब घरातल्या मुलासमोर शुल्काचा आकडा येतो. अशा मुलांचं नववीत काय होतं, हे शाळेला विचारावं. उत्तरावरून तिचं ‘मूल्यशिक्षण’ कळतं. शुल्काचंही तसंच: महाराष्ट्राच्या शुल्क नियमन कायद्यानुसार ते पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावं लागतं, तेव्हा साहित्य, सहली, शिबिरं यांचा खर्च त्या आकड्यात आहे की बाहेर, ते आधीच विचारून घ्यावं. मात्र कला मुळातच महाग असते हे पटण्यासारखं नाही. सेवाग्रामच्या नई तालीमची उभारणी सूत, माती आणि शेत यांवर झाली होती. महाग असतो तो देखावा, आणि दुसरा म्हणजे लहान वर्ग. यातला दुसरा खर्च रास्त आहे.

विचारसरणीबद्दलही सावध असावं. स्टायनर यांच्या शिक्षणपद्धतीमागे त्यांचं अँथ्रोपॉसॉफी नावाचं आध्यात्मिक तत्त्वज्ञान आहे आणि त्यातल्या वंशविषयक लिखाणावर कठोर टीका झाली आहे. शाळा त्यातलं किती मानते हे विचारण्यात संकोच नको. उलट उशिरा वाचायला शिकवण्याबद्दलची धास्ती बहुधा अनाठायी आहे: न्यूझीलंडमधल्या अभ्यासात सातव्या वर्षी वाचू लागलेली स्टायनर शाळांतली मुलं दहा-अकराव्या वर्षापर्यंत इतरांच्या बरोबरीला आली होती. अर्थात ते वाचनापुरतं. सहावी-सातवीनंतर शाळा बदलली तर मुलाला रोजच्या चाचण्या आणि गृहपाठाचा ढीग यांची सवय व्हायला वेळ लागतो. म्हणून माध्यमिकपर्यंत चालू न राहणारी शाळा निवडताना पुढची शाळाही त्याच वेळी ठरवावी.

एक शक्यता मात्र या चर्चेत नेहमी सुटते. आपल्या अनुदानित मराठी शाळांत एटीडी, म्हणजे कलाशिक्षक पदविका, झालेले चित्रकलेचे शिक्षक असण्याची जुनी परंपरा आहे. जागा रिकाम्या राहत गेल्या, पण जिथे माणूस टिकला तिथे कधी कधी अगदी साध्या वर्गखोलीत, कसलीही विशेषणं न लावता, वर लिहिलेलं सगळं घडतं: मुलं शाळेच्या गच्चीवरून गाव रेखाटतात, सुलेखनाचा फलक रोज बदलतात, नाटकाचे मुखवटे जुन्या वर्तमानपत्रांच्या लगद्यातून करतात. अशी शाळा घरापासून चालत दहा मिनिटांवर असेल, तिथल्या मुख्याध्यापकांनी नववीचे तास हिरावून घेतले नसतील आणि चित्रकलेच्या सरांच्या निवृत्तीला अजून आठ-दहा वर्षं असतील, तर वीस किलोमीटरवरच्या शाळेच्या बसचे पैसे भरण्याआधी त्या सरांना भेटून यावं.