कॅप्टन बिघडला, नागराज सुधारला

मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपुरात आमच्या पिढीची घरात मराठी, बाहेर हिंदी. कॉमिक्स अर्थातच हिंदी, भाड्याने आणलेली, रात्रीत वाचून सकाळी परत करायची. १९८६ साली राज कॉमिक्सचा नागराज आला, तो मुळात दुष्टांच्या कामासाठी. प्रोफेसर नागमणीने त्याला दहशतवाद्यांना भाड्याने द्यायचं हत्यार म्हणून घडवलं होतं आणि पहिल्याच कामगिरीवर देवीची सोन्याची मूर्ती चोरायला पाठवलं होतं. बाबा गोरखनाथांनी त्याला ताब्यात ठेवणारी डोक्यातली कॅप्सूल काढली, आणि नागराज दहशतवाद्यांवरच उलटला. कथा परशुराम शर्मांची, चित्रं पुण्याच्या प्रताप मुळीकांची. हिंदी पट्ट्याच्या या लाडक्या नायकाला पहिला चेहरा दिला तो मराठी हाताने.

त्याआधी १९७६ मध्ये इंद्रजाल कॉमिक्समधून आलेला आबिद सुरतींचा बहादूरही डाकूचाच मुलगा. आपल्याकडे अशी वाईटाकडून चांगल्याकडे वाट निघत होती, तेव्हा अमेरिकेत उलटा प्रवास जोरात सुरू व्हायचा होता.

शहर उद्ध्वस्त झाल्यावर १९९४ मध्ये ग्रीन लँटर्न हा सुपरहिरो, म्हणजे हॅल जॉर्डन, दुःखाने बेभान झाला, साथीदारांवर तुटून पडला आणि पॅरलॅक्स नावाचा खलनायक बनला. चाहते खवळले. दहा वर्षांनी नव्या कथेत उलगडा झाला की पॅरलॅक्स हा भीतीचा परजीवी होता, हॅलच्या अंगात शिरलेला. म्हणजे हॅल निर्दोष! २०१६ मध्ये तर निक स्पेन्सर यांनी कॅप्टन अमेरिकाच नाझींशी नातं असलेल्या हायड्रा संघटनेचा हस्तक असल्याचं दाखवलं. १९४१ मधल्या पहिल्या मुखपृष्ठावर हिटलरला ठोसा लगावणारा हा नायक. त्याचे निर्माते जो सायमन आणि जॅक कर्बी दोघेही ज्यू. वाचक भडकले नसते तरच नवल. पुढच्याच वर्षी खरा कॅप्टन परतला आणि बदललेल्या वास्तवाचं खापर वास्तव बदलू शकणाऱ्या कॉस्मिक क्यूबवर फुटलं.

मला ही पळवाट पटत नाही. नायकाला बिघडवायचं तर किंमत त्यालाच मोजू द्या. आमच्या बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावरच्या दंतकथेतला अश्वत्थामा बघा. द्रोणपुत्र, कौरवांचा वीर. झोपलेल्या पांडवपुत्रांना मारलं, कपाळावरचा मणी गेला, आणि जखम मात्र कायम राहिली. किल्ल्यातल्या शिवमंदिरात तो आजही फूल वाहतो, वाटसरूंकडे जखमेसाठी तेल-हळद मागतो, असं इथले लोक सांगतात. त्याचा दोष कुणा परजीवीच्या माथी कोणी मारला नाही. २०२४ च्या 'कल्की २८९८ एडी'त अमिताभ बच्चन यांनी त्याला रक्षक केलं, पण तिथेही जुन्या पापाचं ओझं घेऊनच तो लढतो.

म्हणून माझं मत नागराजला. त्याची कॅप्सूल पहिल्याच अंकात निघाली. अमेरिकी लेखक मात्र नायक बिघडवून झाल्यावर कॅप्सूल शोधत बसतात.